अपुऱ्या मजकुराचा शेजार

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'शेजार' हा विषय मुक्रर केला आणि त्यावर प्रत्यक्ष पाहून लिहावे असे सुचविले, तेव्हा माझ्या मनात आलेला प्रश्न असा होता, की लिहिणाऱ्या माणसाचा शेजारी कोण? संपादक, प्रकाशक, परीक्षक आणि पारितोषिक देणाऱ्या संस्था ह्या सर्वांची गाठ लेखन पूर्ण झाल्यावर पडते. परंतु मसुदा अद्याप कच्चा आहे, तिसऱ्या परिच्छेदात काहीतरी बिघडले आहे एवढे जाणवते पण काय बिघडले ते उमगत नाही, अशा अवस्थेत ज्याचे दार ठोठवावे असा माणूस मराठी लेखकास कोठे भेटतो? ह्या प्रश्नाचा माग घेत मी कांदिवली पश्चिमेच्या चारकोप वसाहतीत गेलो, कारण तेथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आठ-दहा माणसे एकत्र बसतात, एकमेकांचे अपुरे लेखन वाचतात आणि त्याविषयी तोंडावर बोलतात, असे कळले होते.

ह्या मंडळास नाव नाही, फलक नाही, शिक्का वा लेटरहेड नाही. आपली नावे छापू नयेत अशी सदस्यांची इच्छा आहे आणि ती मी पाळली आहे. त्यांच्या कारभाराविषयी मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगितले, काही बैठकांना मला बसू दिले आणि जे मी पाहिले त्याचे हे कथन आहे.

वसाहतीची घडण

चारकोप हे खाडीकाठचे जुने गाव. आज त्या नावाने ओळखली जाणारी विस्तीर्ण वसाहत मात्र गेल्या चाळीस वर्षांतील आहे. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्याअन्वये म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी एक निराळीच योजना राबविली. रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि आखून दिलेला लहानसा भूखंड एवढे शासनाने पुरवावे, आणि घर मात्र ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, सवडीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने उभारावे, अशी ती कल्पना होती. तीस-पस्तीस भूखंडांची मिळून एक सहकारी सोसायटी आणि त्या घरांच्या मध्ये एक सामाईक चौक, अशी तिची रचना आजही सेक्टरांच्या आतल्या गल्ल्यांतून फिरताना स्पष्ट दिसते. एका घरावर दोन मजले चढलेले, त्याच्या लगतचे अजून पत्र्याखाली, तिसऱ्याचा जिना बाहेरून काढलेला, असे दृश्य तेथे नित्याचे आहे.

मंडळातील ज्येष्ठ सभासदांपैकी कित्येकजण लालबाग, परळ, गिरगाव येथील चाळींतून ह्या भूखंडांवर आले. सुरुवातीची वर्षे त्यांनी जोत्यावर एक खोली उभी करून काढली. पहिल्या बोनसात स्वयंपाकघर, मुलीच्या लग्नाआधी माडी, असे घर वाढत गेले आणि ते वाढताना चौकातील शेजारी पाहत होते, खिडकी ह्या अंगाला घेतलीत तर वारा येईल म्हणून सांगत होते, गवंड्याचा पत्ता देत होते. घर ज्याचे त्याचेच राही. सल्ला ऐकावा की न ऐकावा हा मालकाचा अधिकार असे. लेखनाच्या बाबतीत हीच रीत का चालू नये, हा विचार ह्या मंडळाच्या मुळाशी आहे, आणि अपुऱ्या घरात राहून ते पुरे करण्याची सवय असलेल्या वस्तीत तो रुजला ह्याचे मला नवल वाटले नाही.

दुसरा शनिवार

बैठकीचा दिवस ठरविण्यामागे व्यवहार आहे. सभासदांत बँकेत नोकरी करणारे दोघे आहेत. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला, त्यांपैकी दुसरा मंडळाने घेतला. वेळ सायंकाळी पाच ते साडेसात. पूर्वी चर्चगेटकडून येणाऱ्यांना कांदिवली स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत ताटकळत राहावे लागे. 2022 मध्ये मेट्रोचा दहिसर ते डहाणूकरवाडी हा टप्पा सुरू झाल्यापासून दहिसर-बोरिवलीच्या बाजूला राहावयास गेलेले जुने सभासदही पुन्हा येऊ लागले आहेत.

जागा म्हणजे एका सोसायटीचे कार्यालय. काचेखाली जुनी परिपत्रके दाबून ठेवलेले टेबल, दप्तराचे लोखंडी कपाट, थकबाकीदारांच्या यादीचा नोटीस फलक, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक भिंतीवरचे घड्याळ. बाहेर चौकात मुलांचे क्रिकेट चालू असते आणि चेंडू दारावर आदळला की वाचणारा क्षणभर थांबतो. भाद्रपदात कार्यालय गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबासाठी लागते, त्या महिन्यात बैठक तहकूब होते. मार्चमध्ये परीक्षा असतात, तरीही ती होते. शिक्षिका असलेल्या दोघी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊनच येतात.

आरंभी बैठका घरोघरी होत असत. ती पद्धत का सोडली ह्याचे जे कारण एका सभासद बाईंनी सांगितले, ते मला फार महत्त्वाचे वाटले. ज्या घरी बैठक, त्या घरातील स्त्री पोहे आणि चहा करण्यात गुंतून पडे. तीच स्त्री लिहिणारी असेल तर तिच्या मजकुरावरील निम्मी चर्चा ती स्वयंपाकघरातून ऐके. शिवाय ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या कथेला वाईट म्हणणे कोणास जड जाणार नाही? आता थर्मासमधून चहा येतो, तो आणण्याची पाळी वर्णानुक्रमे फिरते आणि खाण्याचे काहीही आणू नये असा नियम आहे. समीक्षणाचा मोकळेपणा अशा लहानशा तजविजीवर अवलंबून असतो, हे साहित्यविषयक ग्रंथांत सहसा लिहिलेले नसते.

मजकूर बोलतो, लेखक ऐकतो

एका बैठकीत दोघांचेच लेखन घेतले जाते. गद्य 1200 शब्दांहून अधिक नको, कविता तीनहून अधिक नकोत, आणि मजकूर बैठकीच्या पाच दिवस आधी सर्वांना पोचला पाहिजे. बहुतेकजण टंकलेखन करून व्हॉट्सॲपवर पाठवितात. एक वृद्ध गृहस्थ फूलस्केपवर हाताने लिहून झेरॉक्स प्रती स्वतः घरोघर देऊन येतात. जो मजकूर मुदतीत आला नाही तो पुढील महिन्यावर जातो, मग तो कितीही चांगला असो.

बैठकीत मजकूर पुन्हा एकदा मोठ्याने वाचला जातो, परंतु लेखकाने वाचावयाचा नाही. लेखक स्वतः वाचू लागला की जे कागदावर नाही ते त्याचा आवाज भरून काढतो. त्याच्या हुंकाराने ओळीतील पोकळी झाकली जाते. दुसरा वाचू लागला म्हणजे वाक्य जेथे अडखळावयाचे तेथे अडखळते आणि लेखकास ते स्वतःच्या कानांनी ऐकावे लागते. कविसंमेलनात आवाजावर तरलेली कविता ह्या खोलीत शब्दांवर उभी राहते की नाही, ते पहिल्या दोन मिनिटांत कळते.

त्यानंतर तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाने मजकुरात काय घडले एवढेच सांगावयाचे. आवडले वा नावडले हा शब्द त्या फेरीत वर्ज्य. ही फेरी बाहेरच्यास निरर्थक वाटेल, परंतु सर्वाधिक उपयोग हिचाच होतो, असे मला दिसले. कारण आठ वाचकांपैकी तिघांना नायिका माहेरी परतली असे वाटले आणि पाचजणांना ती मुळात निघालीच नाही असे वाटले, तर लेखकास दुसऱ्या कोणत्याही अभिप्रायाची गरज उरत नाही. दुसऱ्या फेरीत आपले लक्ष कोठे जडले आणि कोठे सुटले हे पानावर बोट ठेवून सांगावयाचे. तिसऱ्या फेरीत मजकुरास प्रश्न विचारावयाचे. ह्या सर्व काळात लेखक बोलत नाही. वहीत लिहून घेतो. शेवटची दहा मिनिटे त्याची. त्या वेळी त्याने खुलासा करावा, अधिक विचारावे अथवा केवळ आभार मानावे. बचावाची कैफियत मात्र देऊ नये.

डब्याची गोष्ट

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते ते एका कथेवरून सांगतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदाने, ज्यांस सगळे 'काका' म्हणतात, गिरणी संपावर कथा लिहिली होती. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला तो संप त्यांच्या वडिलांनी भोगला होता. कथेची पहिली दोन पाने संपाची पार्श्वभूमी, मागण्या आणि वाटाघाटी ह्यांनी भरलेली होती. तिसऱ्या पानावर एक प्रसंग होता: संपाच्या सातव्या महिन्यातही वडील पहिल्या पाळीच्या वेळेस उठत, डबा घेऊन बाहेर पडत, दिवसभर गल्लीच्या तोंडाशी बसून राहत आणि दुपारी घरी येऊन तोच डबा मुलांना वाटून देत.

दुसऱ्या फेरीत महाविद्यालयात शिकणारी मुलगी म्हणाली, "काका, संपाचा इतिहास मला इथे कळला, हे खरं. पण निवेदकाचे वडील मला तिसऱ्या पानावर भेटले. तोपर्यंत मी त्यांना शोधत होते."

काकांनी ते लिहून घेतले. तिसऱ्या फेरीत रुग्णालयात परिचारिका असलेल्या ताईंनी विचारले, "हा डबा रोज भरत कोण होतं?"

"आईच भरत असणार, दुसरं कोण," असे कोणीतरी म्हणाले.

त्यावर मंडळाच्या निमंत्रक बाई शांतपणे म्हणाल्या, "असणार, हे आपण म्हणतोय. मजकुरात आहे का, ते बघू या."

सर्वांनी पाने चाळली. मजकुरात आई कोठेही नव्हती. शेवटच्या दहा मिनिटांत काका बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "आईच भरायची. वडील कामावर जात नाहीत हे तिला ठाऊक होतं. आधी चार भाकऱ्या असायच्या, नंतर दोन. हे मला आत्ता आठवलं."

काही महिन्यांनी तीच कथा पुन्हा मांडली गेली तेव्हा पहिली दोन पाने गेलेली होती आणि कथा भाकऱ्यांच्या संख्येपासून सुरू होत होती. पाने गाळा असे त्यांस कोणी सुचविले नव्हते. तशी सूचना करण्याची तेथे मुभाच नाही. वाचकाचे लक्ष कोठे होते आणि त्याच्या मनात कोणता प्रश्न उभा राहिला, एवढेच त्यांना कळले होते. उपाय त्यांनी स्वतः शोधला. उत्तम समीक्षण लेखकास त्याच्याच स्मृतीच्या अधिक जवळ नेते, ही माझी त्या दिवसापासूनची धारणा आहे.

पूर्वसूरींच्या बैठका

मराठी साहित्याच्या इतिहासात अशा बैठकांचे दाखले आहेत आणि त्यांतून घेण्याजोगे धडेही आहेत. पुण्यास 1923 साली स्थापन झालेले रविकिरण मंडळ हा त्यांतील सर्वांत ठळक. रविवारी जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्यात आणि त्यांवर बोलावे, असा त्याचा परिपाठ होता. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी त्यात होती. ह्या यादीकडे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते, की फारसी काव्याचा व्यासंग करणारा एक, खंडकाव्य रचणारे दोन, एक कवयित्री आणि मुळीच कविता न लिहिता गद्य नाट्यछटा लिहिणारा एक, असे भिन्न प्रकृतीचे लोक तेथे शेजारी बसत होते. पुढे काव्यगायनाने मंडळाचे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि त्याचबरोबर परस्परप्रशंसेचा व ठरावीक संकेतांचा आरोपही त्यावर आला. अत्रे यांच्या 'झेंडूची फुले'मधील विडंबनांचा रोख त्या काळच्या अशाच काव्यसंकेतांवर होता. खासगी बैठक सार्वजनिक कीर्तीचे व्यासपीठ बनू लागली की तिच्यातील परखडपणास ओहोटी लागते, हा त्यातील धडा चारकोपच्या मंडळाने नाव न घेऊन आचरणात आणला आहे.

आपल्या शेजारच्या भाषांतही ही रीत आहे. अहमदाबादेत 'कुमार' मासिकाचे संपादक बचुभाई रावत यांनी दर बुधवारी भरणारी बुधसभा चालविली आणि गुजराती कवींच्या पिढ्या तेथे घडल्या. लाहोरात 1939 साली सुरू झालेल्या हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक़ ह्या उर्दू लेखकांच्या मंडळात दर आठवड्यास कथा-कविता वाचून त्यांची समोरासमोर चिकित्सा होत असे. त्या मंडळास वळण लावणारे कवी मीराजी ह्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या मुंबईत काढली आणि 1949 साली येथेच देह ठेवला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 पासून ही पद्धत अभ्यासक्रमाचा भाग केली, आणि चर्चेच्या वेळी लेखकाने मौन पाळावे हा दंडक तेथूनच जगभर पसरला.

ह्या मौनाविरुद्ध अलीकडे तेथील अल्पसंख्य समाजांतील लेखकांनीच गंभीर आक्षेप घेतला आहे. ज्यांस समाजाने आधीच गप्प बसविले आहे, त्यांचे लेखन परक्यांनी आपल्या अनुभवाच्या मापाने मोजावे आणि त्यांनी ते निमूट ऐकावे, हा न्याय कोणता? आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. 1885 साली पुण्यास भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांजकडून आले असता महात्मा जोतीराव फुले यांनी ते नाकारले. जे लोक इतरांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. खोलीत कोण बसले आहे, हा प्रश्न खोलीत काय बोलले जाते त्याच्या आधीचा आहे. औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिकाच्या आश्रयाने लेखक-वाचक मेळावे भरविले, ते ह्याच जाणिवेतून. दलित लेखकास त्याचे जगणे जाणणारा वाचक समोर हवा होता.

चारकोपच्या मंडळाने ह्यावर काढलेली तोड अशी: चर्चेस आरंभ होण्यापूर्वी लेखकास एक प्रश्न मांडण्याचा अधिकार आहे. मला अमुक ठिकाणी शंका आहे, त्याविषयी बोला. अमुक गोष्ट मी जाणूनबुजून केली आहे, ती दुरुस्त करू नका. असे त्याने सांगावे, आणि पुढील चर्चा त्या मर्यादेत चालावी. मौनाचा लाभ त्यामुळे टिकतो आणि लेखकाची मुखत्यारीही राहते.

बोली आणि शुद्धलेखन

ह्या अधिकाराची सर्वाधिक गरज भाषेच्या बाबतीत भासते. सभासदांपैकी एकजण सिंधुदुर्गाकडील मालवणीत संवाद लिहितात, एकीचे माहेर खानदेशात असल्याने तिच्या कवितेत अहिराणी शब्द येतात. आरंभीच्या काळात चर्चेचा बराचसा वेळ ऱ्हस्व-दीर्घात आणि 'असा शब्द नाही' ह्या वाक्यात जाई, असे जुने सभासद सांगतात. शुद्धलेखन तपासणे हे समीक्षणातील सर्वांत सोपे काम आहे आणि म्हणूनच सर्वांत मोहाचे. कथेविषयी बोलण्यास जे धैर्य लागते ते वेलांटीविषयी बोलण्यास लागत नाही. आता मुद्रणाच्या चुका प्रतीवर पेन्सिलीने खुणा करून लेखकाच्या हाती द्यावयाच्या आणि बैठकीत त्यांचा उच्चार करावयाचा नाही, असा दंडक आहे. बोलीतील शब्द अडला तर एवढेच विचारावयाचे, की संदर्भावरून अर्थ लागला का? लागला असेल तर शब्द तेथे हक्काने राहतो.

संबोधनाचाही विचार त्यांना करावा लागला. मराठी संभाषणात वयाचा मान व्याकरणातच गुंफलेला आहे, आणि सत्तरीतील 'सर' वा 'काका' ह्यांच्या कथेतील उणीव विशीतल्या मुलीने दाखविणे, हे आपल्या संस्कारांस सहज पेलत नाही. मंडळाने मानाची संबोधने मोडीत काढली नाहीत. ताई, दादा, बाई, काका असे सगळेच म्हणतात. त्यांनी एवढेच केले, की चर्चेत 'तुम्ही' हा शब्द टाळून 'निवेदक' म्हणावयाचे. "तुम्ही बायकोशी असे का वागलात?" ह्याच्या जागी "निवेदक असा का वागतो?" असे विचारले गेले, म्हणजे आत्मचरित्रात्मक लेखनातही माणूस बाजूस राहतो आणि कागद पुढे येतो. आदर अबाधित ठेवून परखड बोलण्यास ह्याहून सुलभ मार्ग मला अन्यत्र आढळला नाही.

टपालातून येणारी चिकित्सा

प्रत्येक लेखकाचा पिंड बैठकीचा नसतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. जी. ए. कुलकर्णी धारवाडास राहिले आणि सभासंमेलनांपासून आयुष्यभर दूर राहिले. त्यांचा साहित्यिक शेजार पत्रांतून होता. गिरगावातील खटाव वाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाने अशा अनेक दूरस्थ लेखकांसाठी पत्राद्वारे चिकित्सा करण्याचे काम केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी आलेल्या कथेतील एखादा प्रसंग, एखादा शेवट, ह्यांविषयी लेखकांशी जो पत्रव्यवहार केला, तो मराठी संपादनाच्या इतिहासातील मोलाचा ठेवा आहे. त्या अभिरुचीविरुद्ध बंडही झाले. 1969 साली लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, कारण एकाच खिडकीतून साऱ्या साहित्याची मंजुरी-नामंजुरी व्हावी हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे रास्त होते, आणि संपादकांचे कष्टही खरे होते.

'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडली; गिरण्यांचा संप झाला तेच हे वर्ष. लिहिणारी माणसे मध्य मुंबईतून उपनगरांकडे सरकत होती, आणि त्यांच्या कच्च्या मसुद्यास सविस्तर उत्तर धाडणारे एक दप्तरही त्याच सुमारास मिटले. पुढे उपनगरांत सभागृहे झाली, व्याख्यानमाला आणि कट्टे झाले, कोकण मराठी साहित्य परिषदेसारख्या संस्थेचे 1991 पासून कार्य उभे राहिले. ह्या सर्वांनी वाचकांस एकत्र आणले. परंतु पूर्ण झालेल्या लेखनास व्यासपीठ देणे हे एक काम, आणि अपुऱ्या लेखनास सोबत देणे हे दुसरे. पहिले काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे विपुल आहेत, शाल आणि श्रीफळ देण्यास हात सदैव पुढे येतात; दुसऱ्या कामास लागणारे आठ संयमी वाचक मिळविणे अवघड आहे.

निमंत्रकाचा कारभार

चारकोपच्या निमंत्रक बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि दर दोन वर्षांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या हाती तीन गोष्टी असतात: घड्याळ, पाळीचा तक्ता आणि हजेरीची वही. वहीत तारीख, उपस्थितांची नावे, कोणाचा मजकूर झाला आणि पुढील पाळी कोणाची, एवढेच लिहिले जाते. अभिप्रायांचे इतिवृत्त ठेवावयाचे नाही असे त्यांनी ठरविले आहे, कारण लिहिलेला अभिप्राय निकालपत्राचे रूप घेतो आणि तीन वर्षांपूर्वीच्या कच्च्या कवितेविषयीचे मत माणसाच्या मागे लागते.

त्यांचे खरे काम मात्र वहीबाहेरचे आहे. जो सभासद प्रत्येक मजकुरावर सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक बोलतो, त्याची पाळी फेरीत शेवटी लावणे. ज्या स्त्रीचे वाक्य कोणी मध्येच तोडले, तिच्याकडे चर्चा परत वळविणे. "मी असतो तर असं लिहिलं असतं" ह्या शब्दांनी सुरू होणारे भाषण पहिल्याच विरामाशी थांबविणे. आणि ज्याच्या कवितेविषयी त्या दिवशी फारसे चांगले बोलले गेले नाही, त्यास दोन दिवसांनी फोन करून पुढच्या मसुद्याविषयी विचारणे. मंडळ सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकजण कठोर टीकेमुळे गेले नाहीत, असे त्यांचे निरीक्षण आहे. ज्यांचा मजकूर न वाचताच इतर सभासद आले आणि वरवर बोलले, ते गेले. दुर्लक्ष झाल्याचे दुःख टीकेच्या दुःखाहून खोल असते.

संख्या दहाच्या वर जाऊ द्यावयाची नाही, ह्यामागेही हिशेब आहे. महिन्यास दोन लेखक, म्हणजे दहाजणांत प्रत्येकाची पाळी पाच महिन्यांनी येते. त्याहून विलंब झाला तर माणूस लिहिण्याचे सोडून केवळ अभिप्राय देणारा बनतो. नवीन येणाऱ्याने प्रथम तीन बैठकांत इतरांचे वाचावे आणि मग आपले द्यावे, अशी अट आहे. ऐकून घेण्याची पात्रता येण्यापूर्वी ऐकविण्याची घाई नको, हा तिचा अर्थ, आणि ती अट ऐकून जे परत फिरतात त्यांच्याविषयी कोणास विषाद वाटत नाही.

दिवाळी अंकाची मुदत

ज्येष्ठ-आषाढात मंडळात निराळी लगबग दिसते. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष ह्या अंकांच्या मुदतीभोवती फिरत आले आहे, आणि चारकोपही त्यास अपवाद नाही. त्या दिवसांत प्रत्येकास आपला मजकूर आधी घ्यावा असे वाटते. निमंत्रक बाई पाळी बदलत नाहीत. अंक दरवर्षी निघतील, कथा एकदाच लिहून व्हावयाची आहे, असे त्या म्हणतात. येथे तपासलेले लेखन पुढे छापले जाते की नाही, ह्याची नोंद मंडळाने ठेवलेली नाही. ठेवली असती तर छापून येणे हेच यशाचे प्रमाण ठरले असते आणि जी गृहिणी गेली काही वर्षे आपल्या आजीचे चरित्र केवळ कुटुंबासाठी लिहीत आहे, तिला ह्या खोलीत जागा उरली नसती.

हे सारे पाहिल्यावर माझे मत दृढ झाले आहे, की मराठी लेखनास आज पुरस्कारांहून आणि संमेलनांहून अधिक गरज अशा लहान बैठकांची आहे, आणि त्या उभ्या करण्यास द्रव्य लागत नाही. परस्परांचे लक्षपूर्वक वाचणारी चार माणसे, एक घड्याळ, पाळले जाणारे पाच-सहा नियम आणि मोडता न घालणारी जागा एवढ्यावर आरंभ होतो. पहिल्या तीन गोष्टी लिहिणाऱ्यांनी स्वतः उभ्या करावयाच्या आहेत. चौथी मात्र आपल्या प्रत्येक सहकारी सोसायटीच्या हाती आहे. कांदिवलीपासून मुलुंडपर्यंत शेकडो सोसायट्यांची कार्यालये महिन्यातील बहुतेक सायंकाळी कुलूपबंद असतात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घालावा: महिन्यातील एक सायंकाळ, अडीच तास, वस्तीतील लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांस कार्यालय विनामूल्य मिळावे, अट एवढीच, की तेथे सत्कार होऊ नयेत. सूचक कोणी झाला तर अनुमोदकही मिळेल, कारण प्रत्येक इमारतीत कोणाच्या तरी कपाटात अर्धी लिहिलेली वही असतेच.